आयबॉलचं कार्ड

कारखान्यात तिला सगळे आत्या म्हणायचे. खरी आत्या ती एकाच मुलीची, भावाच्या लेकीची. ती मुलगी लग्न करून दूर गेली, हाक मात्र इथेच राहिली आणि शिलाईच्या हॉलपासून गेटवरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसली. छप्पन्न वर्षांची, बिनलग्नाची, खणखणीत आवाजाची ही बाई कारखान्यात नोकरीला नव्हतीच. यंत्रांबरोबर इंग्रजी माहितीपुस्तिका येतात ना, त्या ती मराठीत करायची. आपण ती पुस्तिका खोक्यातून काढतो, न वाचता परत खोक्यात ठेवतो आणि यंत्र बंद पडलं की घरभर शोधतो. त्या वेळी हाताला लागतं ते आत्याचं लिखाण असण्याची शक्यता बरीच आहे. तिचं नाव त्यावर कुठेही नसतं.

लोकांना वाटतं, त्यात काय एवढं? शब्दकोश उघडायचा आणि भराभर लिहून काढायचं. असं तिच्यासमोर कोणी बोललं की त्याची धडगत नसे. जे काम आपण हातांनी केलेलं नाही किंवा करताना बघितलेलं नाही, ते कागदावर उतरवायचं नाही, असा तिचा नेम होता. पाण्याच्या पंपाची पुस्तिका करताना तिने न्हाणीघराच्या फरशीवर पंप खोलला होता. त्याचा एक स्क्रू काही सापडला नाही आणि दोन दिवस घरातल्या तिघांनी खालून बादल्या भरून आणल्या. वहिनी त्या दोन दिवसांत तिच्याशी चकार शब्द बोलल्या नाहीत. पुस्तिकेत मात्र एक वाक्य जास्तीचं आलं, ‘काढलेला स्क्रू लगेच वाटीत ठेवा.’ मूळ इंग्रजीत ते नव्हतं. त्या पुस्तिकेतलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य तेच.

तिच्याकडे चपलांच्या अकरा खोक्यांत कार्डं होती. प्रत्येक कार्डाच्या माथ्यावर एक इंग्रजी शब्द. खाली नुसता अर्थ नाही, तर तो शब्द कोण बोललं, कोणाला, कशासाठी आणि तेव्हा त्याचं तोंड कसं झालं होतं, हे सगळं. बोलणाऱ्याचा चेहरा कळला नाही तर शब्द कळलाच नाही, असं ती म्हणायची. त्यातही घरगुती, उनाड क्रियापदांवर तिचा भारी जीव. शब्दकोशवाले त्यांना शेवटच्या ओळीत बसवतात, म्हणून तिला त्यांचा कैवार.

ती भाऊ-भावजयीबरोबर राहायची, एका कुलूपवाल्याच्या दुकानावरच्या अडीच खोल्यांत. त्यातली अर्धी खोली तिची आणि चपलांच्या खोक्यांची. दादा त्याच कारखान्यात अडतीस वर्षं शिलाई यंत्रांचा मेकॅनिक. वडील गेले तेव्हा दादा नववीत होता. शाळा सोडून तो कामाला लागला आणि बहिणीला कॉलेजपर्यंत शिकवलं. आपलं सगळं इंग्रजी दादाच्या हातावरच्या काळ्या तेलावर उभं आहे, हे आत्या येता-जाता कोणालाही सांगायची. फक्त दादासमोर सांगायची नाही.

कारखान्यात दादाला भिंगमिस्त्री म्हणत. शिलाई यंत्राच्या पोटात एक हुक असतं, सुई खाली आली की ते तिच्याजवळून जातं आणि धागा पकडतं. सुई आणि हुकाचं टोक यांच्यात केसाएवढी फट लागते. फट जास्त झाली तर टाके सुटतात. कमी झाली तर हुक सुईवर आपटतं आणि सुई मोडते. आणि हा कारखाना तान्ह्या मुलांच्या कपड्यांचा. मोडक्या सुईचा तुकडा झबल्यात राहिला तर काय होईल, हे तिथे कोणाला सांगावं लागत नसे. सुई मोडली की सगळे तुकडे सापडेपर्यंत यंत्रांची ती ओळच्या ओळ बंद राहायची. इतर मेकॅनिक ही फट भिंग लावून बघत. दादा नुसता वाकायचा, दोन-चार वेळा चाक फिरवायचा आणि म्हणायचा, ‘झालं.’ ते झालेलंच असायचं.

त्या वर्षी साठ नवी यंत्रं आली. पुस्तिका इंग्रजीत, आणि तिच्याबरोबर यंत्रं बनवणाऱ्या कंपनीतल्या एका जुन्या मेकॅनिकने टाईप केलेली टिपणं. कारखान्याच्या मॅनेजर मॅडमना घाई होती, म्हणून त्यांनी ती टिपणं आधी कॉम्प्युटरकडून मराठीत करून घेतली. पाचव्या टिपणात कॉम्प्युटरने लिहिलं होतं, ‘गेजचा त्रास घेऊ नका, फक्त नेत्रगोलक करा.’ मेकॅनिकांची हसून पुरेवाट झाली. दिवसभर जो तो एकमेकांना विचारत होता, काय रे, नेत्रगोलक केलंस का? संध्याकाळी मॅडमनी आत्याला बोलावलं.

मूळ वाक्य होतं, ‘डोन्ट बॉदर विथ द गेज, जस्ट आयबॉल इट.’ गेज म्हणजे पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा, फटीत सरकवून अंतर बघायचा. आत्या टिपण वाचून खुश झाली. घरी येऊन तिने सातव्या खोक्यातून आयबॉलचं कार्ड काढलं.

कार्ड अकरा वर्षांचं होतं. पहिली नोंद: वस्तूचं नाव, डोळ्याचा गोळा, डॉक्टरांच्या कामाचा. दुसरी: परदेशी पाहुणा, कारखान्यात आलेला, सहकाऱ्याबद्दल रागाने बोलला, तो मला आयबॉल करत होता. म्हणजे रोखून, खुन्नस देऊन बघत होता. तिसरी: सुतार, व्हिडिओत, फळी कापताना. पट्टी शोधायला उठला, मग हसून बसला, आयबॉल केलं. चौथी: शेजारच्या केकवाल्या बाईंचा परदेशातला जावई, पीठ मापाशिवाय घातलं, सासूच्या रागाची तयारी ठेवून. खाली आत्याने शेरा मारला होता: ‘करारात, अर्जात, सरकारी कागदात कधीही नाही. कामाच्या कपड्यांतलं क्रियापद. बोलणारा बहुतेक हसतो. आधी बहुधा “जस्ट” लागतं, म्हणजे एवढं काय, सोपं तर आहे, असा सूर. ज्याला सोपं आहे तोच हे म्हणतो.’

मराठीत काय लिहायचं यावर तिचा एक दिवस गेला. ‘अंदाजाने ठरवा’ तिने लिहिलं आणि खोडलं. अंदाज तर ज्याला माहीत नाही तोही बांधतो. हे क्रियापद माहीत असलेल्याचं आहे, ज्याने हजार वेळा मोजलंय आणि आता ज्याला मोजायची गरज नाही त्याचं. ‘नजरेनं जोखा’ हे तिला पटलं. पण नेम म्हणजे नेम. जोखताना बघितल्याशिवाय लिहायचं नाही. आणि जोखणारा तर घरातच होता.

मॅडमनाही तेच हवं होतं. त्या म्हणाल्या, “आत्या, मिस्त्री तीन महिन्यांनी निवृत्त होतायत. मी त्यांना आणखी दोन वर्षं ठेवून घेणार आहे. चार नवे मेकॅनिक घेतलेत, त्यांना मिस्त्रींची ती नजर शिकवायची. तुम्ही पुस्तिकेत नीट लिहून द्या, नजरेनं कसं करायचं ते. बाकी ते शिकवतील.”

ही बातमी कळल्यापासून दादा हवेत होता. निवृत्तीच्या नुसत्या विचाराने तो वर्षभर कोमेजला होता. रविवारची सुट्टीसुद्धा ज्याला सोसत नाही, दुपारपर्यंत जो घरातल्या बिजागऱ्यांना तेल घालत हिंडतो, त्याने घरी बसायचं म्हणजे काय! दोन वर्षं मिळाली म्हणताना त्याने वहिनींपुढे चक्क शीळ घातली.

मंगळवारी सकाळी आत्या वही घेऊन कारखान्याच्या दुरुस्तीच्या खोलीत बसली. खोलीला खिडकी एकच, तीही शिड्यांनी अडवलेली. टेबलावर नवं यंत्र आडवं केलेलं, त्यावर वाकवता येणारा एक दिवा. दादा रंगात आला होता.

“हे बघ चिमे,” तो म्हणाला. छप्पन्न वर्षांच्या बाईला चिमी म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. “सुई खाली आणायची. हुक असं जवळ येतं. आता फट बघायची. दिसतेय?”

“मला कसली दिसतेय! तू सांग, मी लिहिते.”

लिहायला उजेड कमी पडला म्हणून तिने दिवा आपल्या वहीकडे ओढला. दोन ओळी लिहिल्या, आणि दिवा परत करायचा राहिला हे लक्षात येऊन ती सॉरी म्हणणार, एवढ्यात दादा बोलला.

“हं! आता कशी स्वच्छ दिसतेय बघ फट.”

आत्याने मान वर केली. यंत्राच्या पोटात अंधार होता. दिव्याचा सगळा उजेड तिच्या वहीवर होता. दादा त्या अंधाराकडे टक लावून, कौतुकाने बघत होता आणि त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख सुईला टेकलेलं होतं.

तिने गेजची पट्टी उचलून दादाच्या हातात दिली. “ही लावून दाखव ना, नव्या लोकांसाठी लिहायचंय.” दादाने पट्टी सरकवली. ती जेवढी जायला हवी तेवढीच गेली, ना सैल, ना घट्ट.

“झालं,” दादा म्हणाला.

घरी येताना आत्याच्या डोक्यात एकेक गोष्ट उलगडत होती. दोन वर्षांपूर्वी दादाने पेपर वाचायचं सोडलं. ‘तूच वाच, तुझा आवाज बातम्यांना शोभतो,’ म्हणाला, आणि ही बया खुश होऊन रोज सकाळी मोठ्याने पेपर वाचत बसली. जिना उतरताना तो कठड्यावरचा हात काढत नव्हता. रस्त्याच्या एकाच बाजूने चालायचा. फोन आला की आधी उचलायचा, मग कोण ते विचारायचा. हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत. परक्या माणसाने एक क्रियापद उच्चारताना भुवई उचलली तर त्याची कार्डावर नोंद करणारी ही बाई, सख्ख्या भावाच्या तोंडाकडे तिने दोन वर्षं धड बघितलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि तशीच ती स्वयंपाकघरात गेली.

“वहिनी, दादाला दिसत नाही.”

वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. “कळलं का शेवटी,” त्या म्हणाल्या. “यांनी मला शपथ घातली होती. मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणतात, पंधरा मिनिटांचं काम. पण यांच्याबरोबरच्या एकाचं ऑपरेशन बिघडलं, तेव्हापासून धसकाच घेतलाय. शिवाय सुट्टी मागितली तर कारखान्यात कळेल, भिंगमिस्त्रीला दिसत नाही म्हणून लोक हसतील.”

“पण तो काम चोख करतो, वहिनी! अंधारात केलं त्याने, माझ्यासमोर!”

“मग? मी काय नाही म्हटलं?” वहिनी म्हणाल्या आणि मग पदराने डोळे पुसले.

आता सांगा, तिने काय करायचं? ‘नजरेनं जोखा’ लिहिलं, तर दादाची दोन वर्षं पक्की. पण चार नवे मेकॅनिक दादाच्या नजरेची नक्कल करणार, आणि ती नजर तर नव्हतीच, ते नख होतं. साठ यंत्रांवर सुया मोडणार, आणि एखादा तुकडा कधीतरी कोणाच्या तरी तान्ह्या पोराच्या अंगाला लागणार. खरं लिहिलं, तर अडतीस वर्षांचा भिंगमिस्त्री एका ओळीत उघडा पडणार. ज्याच्यामुळे तिला लिहिता आलं, त्याच्याविरुद्ध लिहायचं! छापखान्याचे दोनदा फोन येऊन गेले. तीन दिवस ती लिहीत आणि खोडत राहिली. चौथ्या दिवशी तिने पान लिहून पूर्ण केलं, पण पाठवलं नाही. शनिवारी सकाळी दादा पेपर ऐकायला खुर्चीत बसला, तेव्हा तिने पेपर बाजूला ठेवला आणि ते पान हातात घेतलं.

“पायरी पाच,” तिने सुरुवात केली. “हुकाचे स्क्रू सैल करा. डाव्या अंगठ्याचं नख सुईला अलगद टेकवा. उजव्या हाताने चाक सावकाश फिरवा. हुक सुईजवळून जाताना नखाला बारीक थरथर कळेल. आधी ती कळू द्या, मग हुक केसभर मागे घ्या. थरथर थांबली की स्क्रू आवळा. डोळे मिटले तरी चालेल. पायरी सहा. गेज लावून खात्री करा. हात बसेपर्यंत ही पायरी गाळू नका.”

दादा खुर्चीत पुढे सरकला.

“डोळ्यांचं परत वाच.”

“डोळे मिटले तरी चालेल.”

“कधी कळलं तुला?”

“मंगळवारी. दिवा माझ्या वहीवर होता, दादा.”

त्याचा चेहरा लाल झाला. “म्हणजे मला पकडायला बसली होतीस तू! वही घेऊन!”

“नाही रे. तुझ्याकडून शिकायला बसले होते.”

“काढून टाक ते.”

“काढते,” आत्या म्हणाली. तिचा खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. “तुझ्या शब्दाबाहेर मी नाही. पण मग त्या चौघांना तू काय दाखवणार, एवढं सांग. ते डोळे फाडून बघत बसतील आणि तू नखाने करशील. त्यांना कधीच येणार नाही. तुझ्याबरोबर जाईल ते. इतकी वर्षं मी लोकांचे शब्द गोळा केले. ह्या कामाला माझ्याकडे शब्दसुद्धा नाही, आणि तू ते लपवतोयस!”

दादा उठला, कठड्याला धरून जिना उतरला आणि डबा न घेता निघून गेला. वहिनी डबा हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या.

अकरा वाजता मॅडमचा फोन आला. “आत्या, ताबडतोब या. मिस्त्री काहीतरी भलतंच करतायत.”

आत्या धावतच गेली. दुरुस्तीच्या खोलीत चार नवे मेकॅनिक भिंतीला टेकून उभे होते, दारात मॅडम, आणि टेबलावर पाच यंत्रं ओळीने आडवी केलेली. दिवा बंद होता. दादानेच बंद केला होता.

“मॅडम, दोन वर्षं झाली, मला नीट दिसत नाही,” तो सांगत होता. आवाज चढा होता, भांडायला उठल्यासारखा. “तुमचा चेहरासुद्धा मला पुसट दिसतो. मी सांगितलं नाही, चूक माझी. आता हे बघा, मग काय ते ठरवा.”

पहिलं यंत्र. नख, चाक, थरथर, केसभर मागे. “गेज लाव रे,” दादा म्हणाला. एका मेकॅनिकने टॉर्च पेटवून पट्टी सरकवली. बरोबर. दुसरं यंत्र. बरोबर. तिसऱ्याला दादा थांबला, कपाळावरचा घाम बाहीने पुसला, स्क्रू परत सैल केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तेही बरोबर. चौथं. पाचव्यालाही पट्टी बरोबर गेली. मग त्या चौघांतला सगळ्यात उंच पुढे आला, आपलं नख सुईला टेकवून चाक फिरवू लागला आणि एकदम ओरडला, “कळलं! मिस्त्री, कळलं मला!”

“आता मागे घे,” दादा म्हणाला. “केसभर. दोरखंडाएवढं नाही.”

सगळे हसले. आत्या रडत होती आणि तिला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती. असा माणूस आपल्या घरात आहे, रोज समोर बसून चहा पितो, याचा तिला केवढा अभिमान वाटला.

मॅडम त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, “मिस्त्री, आधी डोळे. मग दोन वर्षं.” नंतर आत्याकडे वळून, “आणि ते पान आहे तसंच छापा. सहावी पायरी जरा मोठ्या अक्षरात.”

दादाचा धसका काही लगेच गेला नाही. दवाखान्याच्या पायरीवरून तो दोनदा परत फिरला. तिसऱ्या वेळी एका बाजूने वहिनी आणि एका बाजूने आत्या, अशी वरातच आत गेली. डॉक्टर म्हणाले होते तसं पहिल्या डोळ्याचं पंधरा मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यावरची पट्टी काढली आणि दादाला घरी आणलं. तो नेहमीच्या खुर्चीत बसला. आत्या पेपर घेऊन समोर बसली. दादाने डोळा बारीक केला, मग मोठा केला आणि तिच्याकडे एकटक बघत राहिला.

“चिमे,” तो म्हणाला, “तू म्हातारी झालीस की गं!”

“झालेच होते. तू बघितलं नाहीस दोन वर्षं.”

“आणि तू?” दादा म्हणाला. “तू तरी कुठे बघितलंस?”

आत्याने पेपरची घडी घालून मांडीवर ठेवली आणि खुर्ची पुढे ओढून त्याच्याकडे बघत बसली. दादाच्या भुवया पार पांढऱ्या झाल्या होत्या आणि उजव्या गालावर एक तीळ होता, तो तिला नव्याने दिसला.

“अगं, वाच ना,” तो म्हणाला.

“थांब जरा,” आत्या म्हणाली.